आग न पाहिलेली सुई

"तुमच्या बी हाताले हायेत की मॅडम, तीन टिपके," पवन हसत म्हणाला, आणि मी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. जऊळक्याच्या शाळेत आमचं शिबिर चालू होतं. पवन आमचा तंत्रज्ञ; रक्त तोच काढायचा, गाडी तोच चालवायचा, आणि या दोन्हींपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. समोरच्या बाकावर एक म्हातारा डावी बाही वर सारून बसला होता. त्याच्या कोपराच्या आतल्या खळग्यात, जिथे आम्ही शीर शोधतो तिथेच, तीन बारीक काळपट ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. पवन सांगत होता की असे ठिपके त्याने मालेगावच्या शिबिरातही पाहिले, पुष्कळांच्या हातावर, गोंदण म्हणावं तर गोंदणासारखे नाहीत. आणि एवढं बोलता बोलता त्याची नजर माझ्या दुमडलेल्या बाहीकडे गेली. तो हसला तो सहजच. म्हातारा हसला नाही. त्याने आधी माझं कोपर पाहिलं, मग तोंड, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मानिकरावच्या कोन तुमी?" पोरगी, मी म्हणाले. त्याने रबर बांधलेल्या हातासकट नमस्कार केला. "देवमानूस," तो म्हणाला, आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. "नाव नाई काढत बाई. नाव काढलं का गुन जाते." पवनने सुई आत घातली. नळीत रक्त चढायला लागलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

पोटाबद्दल मी उगाच काही लिहीत नाही, पोट हा माझा धंदाच आहे. वाशिमच्या आमच्या लहानशा केंद्रात आम्ही पचनाच्या आणि यकृताच्या आजारांवर संशोधन करतो. म्हणजे लोक ज्याला 'पोटात पानी झालं' म्हणतात, 'अन्न लागत नाई' म्हणतात, 'कावीळ उतरली' म्हणतात, त्यामागे नेमकं काय घडलं ते शोधतो. कावीळ दोन तऱ्हेची असते, हे मी शिबिरात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. एक पाण्यातून येते, महिना-दीड महिना छळते आणि बहुतेकदा आपल्या पावलांनी परत जाते. दुसरी रक्तातून येते. ती दिसतही नाही, आणि एकदा आत शिरली की कित्येकांच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. माणूस नांगरतो, पेरतो, पोरींची लग्नं लावतो, आणि एक दिवस कळतं की आतलं यकृत दगड झालंय. ही दुसरी कावीळ आमच्या काही गावांत वाजवीपेक्षा जास्त निघत होती. दिवाळीआधी मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: जऊळका, मालेगाव, आसेगाव, इतक्या वेगवेगळ्या दिशांच्या माणसांच्या रक्तातला विषाणू एकाच घराण्यातला आहे, सख्खी भावंडं म्हणावीत इतका. तेव्हापासून आमची झोप उडाली होती. यांची विहीर एक नाही, जात एक नाही, डॉक्टर एक नाही, न्हावीही एक नाही. इंजेक्शन कुठे घेतलं, रक्त चढवलं का, दात काढला का, गोंदून घेतलं का, सगळं विचारून झालं. सुईबद्दल कुणी बोललं नाही, कारण तिचं नाव काढायचं नसतं. आणि हे सगळे प्रश्न लिहिले होते मी, याच डाव्या हाताखाली कागद दाबून. मला सुचलं नाही. बाबांची सुई माझ्या लेखी कधी सुई नव्हतीच, ती बाबांचाच एक भाग होती.

आमचं गाव आसेगावच्या पुढे. रविवार उजाडला की आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची, पिवळ्या डोळ्यांची, उपाशीपोटी, पाण्याचा घोटही न घेतलेली. बाबा आंघोळ करून ओल्या अंगाने बाहेर यायचे. सुई चांदीची, पणजोबांच्या वेळची. पितळी डबीत कापसावर निजलेली असायची. कुठल्याशा मुळीचा रस वाटीत काढलेला असायचा, तो कशाचा ते घरातल्या बायकांनाही माहीत नाही. माणसाने तोंड उगवतीकडे करायचं, बाबा त्याच्या डाव्या कोपरात तीन टोचे द्यायचे. रक्ताचा थेंब दिसला पाहिजे, नाही दिसला तर पुन्हा. मग सुई धोतराच्या सोग्याला पुसायची आणि त्या तीन टोच्यांवर अंगठा दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत. तेवढ्या वेळात बाबा त्या माणसाशी पिकापाण्याचं बोलायचे, बैल कसा आहे विचारायचे. पैसा घ्यायचा नाही, नारळ नाही, सुपारीचं खांडही नाही. ज्याने औषध घेतलं त्याने 'बरं झालं' म्हणायचं नाही आणि जाताना मागे वळून पाहायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नेम हा, की सुईला आग दाखवायची नाही, ऊन पाणीसुद्धा नाही. आग पाहिली की सुईचा गुण जातो. मग पुढचा माणूस हात पुढे करायचा, आणि डबीतली सुई पुन्हा रसात बुडायची.

पलीकडच्या गावात शालिग्राम नावाचा एक बाप्या काविळीला डागायचा. तार लाल करून मनगटावर टेकवायचा. त्याचं नाव काढलं तरी पोरं मोरीत जाऊन लपायची. आयाबाया त्याला तळतळाट देत आमच्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा हात लय हलका हाय, आबाजी." याचा बाबांना कोण अभिमान! "लेकराईले जाळाचं कायले?" ते म्हणायचे. "जाळल्यानं का कावीळ जाते?" जाळल्याने जात नाही, टोचल्यानेही जात नाही, पाण्याची कावीळ बहुतेकांना आपली आपण सोडते, आणि यश मिळतं रविवारच्या माणसाला. इथवर मी शिकून आले तेव्हा मला गंमत वाटली होती. म्हटलं, असू दे, म्हातारा कुणाचं वाईट तर करत नाही. आता जऊळक्याच्या शाळेत उभी राहून मी तार आणि सुई शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. लाल तारेवर विषाणू जगत नाही. शालिग्रामने पोरांची कातडी जाळली, त्यांचे शिव्याशाप घेतले, आणि रक्तातली कावीळ एकालाही दिली नाही. पवन म्हणाला, मॅडम, पुढच्या माणसाचं नाव सांगा. मी चुकीचं नाव सांगितलं.

मला टोचलं तेव्हा मी चारेक वर्षांची असेन. दुखल्याचं आठवत नाही, अंगठा आठवतो, जाडा आणि गरम. त्यानंतर कॉलेजच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना लस द्यायची म्हणून आमचं रक्त तपासलं. बाकीच्यांना लस मिळाली, मला एका खोलीत बोलावून, दार लावून सांगितलं की रक्तातली कावीळ तुझ्यात आधीच आहे. तोवर आई जाऊन वर्ष झालं होतं. गोजराबाई माझी आई; दारूचा वास नाही, तंबाखू नाही, उपास तेवढे उदंड, आणि शेवटी शेवटी हातपाय काड्या अन् पोट मात्र नऊ महिन्यांच्या बाईसारखं. 'पोटात पानी झालं' म्हणून गावाने हात टेकले. मी पुस्तक उघडून पाहिलं, बाळंतपणात हे आईकडून लेकराकडे जातं असं लिहिलेलं होतं, आणि मी पुस्तक मिटलं. प्रकरण संपलं. इतकी वर्षं मी ते आईकडून आलेलं म्हणून अंगावर वागवलं, गोळी घेत राहिले, तपासण्या करत राहिले, आणि बाबांना चकार शब्दाने कळू दिलं नाही, कारण त्यांना वाटलं असतं की गोजरा पोरीलाही घेऊन चालली. चिडले तेव्हा आईवरच चिडले. मेलेल्या माणसावर चिडणं सोयीचं असतं, ते उलटून बोलत नाही. आईच्या कोपरात तीन नव्हते, सहा ठिपके होते. कावीळ दोनदा झाली म्हणून दोनदा टोचलेले. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी ते बोटाने मोजायचे, आणि माझे तिच्यापेक्षा कमी म्हणून रुसायचे.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "उद्या येनं होते का व?" मी विचारलं, काय काम. "सुई तुले द्याची हाय. माहा हात कापून राह्यला आता. मांगच्या रविवारी एका पोराले लय डाव टोचा लागलं, रडलं बिचारं. तुह्या भावाले पुन्यातून सवड नाई. आन् तू तं कावीळचीच डाक्टर. याच्याहून चांगली गोस्ट काय?" हे ते वर्षभर म्हणत होते आणि मी वर्षभर हसून टाळत होते. यावेळी मी म्हणाले, "येते, बाबा." पलीकडे त्यांनी नाक शिंकरलं. त्यांना आनंद झाला होता, आणि तो ऐकून मला भीती वाटली.

पण फोन ठेवला तेव्हा माझ्यापुढे वाट दिसत होती, आणि ती फार सोपी होती. आमच्यात नेम आहे: दिलेली सुई परत घ्यायची नाही, आणि एकदा दिली की आधीच्या हाताने कुणाला टोचायचं नाही. म्हणजे मी फक्त घ्यायची. नमस्कार करायचा, डबी पर्समध्ये टाकायची, वाशिमला आणायची. बाबांचा हात आपोआप थांबला. ज्यांना टोचलंय त्यांना आम्ही शोधून काढू, तपासू, गोळ्या सुरू करू, गोळ्या आहेत आता. शोधनिबंधात लिहू 'पारंपरिक उपचार', त्यात कुठे माणिकराव आले? ज्या माणसाने जन्मभर एक सुपारी घेतली नाही त्याला ऐंशीच्या घरात जाऊन कशाला सांगायचं की तुझ्या पुण्याईने काय केलं? तो आणखी किती जगणार? त्याला त्याचा हलका हात घेऊन जाऊ द्यावं. मला इतकंच हवं होतं, बाबांना न कळता सुई बंद व्हावी. या युक्तीवर मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मात्र त्या रात्री डाव्या कोपराला खाज सुटली ती सकाळपर्यंत राहिली, आणि मी यकृताची डॉक्टर असल्यामुळे मला माहीत होतं की खाज कशाकशाने येते.

रविवारी सकाळी पवन गाडी घेऊन आला. मंगरुळपीरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर फुलली होती, पिवळीच पिवळी, आणि त्या दिवशी मला पिवळं काही बघवत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, कारण त्याने ठिपके आधी पाहिले होते आणि तो काही खुळा नव्हता. तो म्हणाला, "डबी आनसान तुमी. पन पुढच्या रविवारी लोकं येतीन, त्याईले काय सांगसान?" सांगीन, बंद झालं. "आबाजी तिथंच बसले असतीन ना ओट्यावर. ते इचारतीन, काहून?" मी म्हटलं, पवन, तू रस्त्याकडे पाहा. तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "मी तं रस्त्याकडंच पाहून राह्यलो, मॅडम." आसेगाव मागे पडलं. मला शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी व्हायचं तसं व्हायला लागलं, आणि सारखं वाटत होतं की गाडी बंद पडावी. गाडी बंद पडली नाही. पवन ती फार चांगली ठेवतो.

ओट्यावर चार-पाच माणसं होती. बाबा मधोमध, धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी, पुढ्यात पितळी डबी. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. "आली का माय," ते म्हणाले, आणि लोकांकडे अशा तोऱ्याने पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले आणि वाकतानाच भिंतीशी टेकून बसलेली बाई दिसली. वीस-बावीसची असेल, सातवा महिना तरी नक्की, डोळे हळद कालवल्यासारखे. ती माझ्याकडे पाहत होती, पण तिची नजर माझ्यावर पोचत नव्हती. शेजारी तिची सासू, कमलीबाई, पदराने वारा घालत होती. मी त्या पोरीला नाव विचारलं. ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "भाकरी टाकाच्या हायेत." "गंगू नाव हाय तिचं," कमलीबाई म्हणाली. "कालपासून अशीच बरयते बाई. बुधवारी डोये पिवये दिसले. आता रविवार हायच जवळ म्हनून थांबलो." पाण्याची कावीळ बाकी सगळ्यांना सोडते, पोटुशी बाईला सोडेलच असं नाही. ही बरळायला लागली याचा अर्थ विष मेंदूपर्यंत गेलं होतं. हिला बुधवारी वाशिमला न्यायला हवं होतं. बुधवारपासून ही माणसं, उपाशी, नेमाने, बाबांच्या रविवारची वाट पाहत बसली होती.

"बरं झालं तू येळेवर आली," बाबा म्हणाले. त्यांनी डबी उघडली, सुई दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. तिला काही वजनच नव्हतं. नाकापाशी काळं धरलेलं, टोक मात्र चकचकीत. "आता पह्यला हात माह्यासमोर दे. तवा ती तुही झाली. पह्यला हात न देता उठवली तं ती जुन्याचीच राह्यते." हा नेम मला माहीत नव्हता, घेणाऱ्यालाच सांगायचा नेम असावा. माझी सोपी वाट तिथेच बुजली. बाबा रसाची वाटी पुढे सारत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. "माह्या बापानं मले देल्ली तवा पह्यला हात तुह्या मायचा होता," ते म्हणाले. "नवी नवरी होती. लय लाजली." गंगूच्या सासूने गंगूचा डावा हात धरून माझ्यापुढे केला. कोपर वर, कोवळं, एकही डाग नसलेलं. मला एवढंही वाटून गेलं की नुसती टेकवावी, खुपसूच नये, कुणाला कळतंय. पण बाबा रक्ताचा थेंब पाहायला आधीच वाकले होते.

"हिले वाशिमले न्या लागते बाबा. आताच्या आता."

"नेऊ ना. गाडी हायच. सुई लाव अन् ने. येक मिंट लागते."

"हो व माय," कमलीबाई म्हणाली, "टोचल्याबिगर कशी उठवू तिले? एवढी थांबली ते कायसाठी?"

"सुई नाई लावाची," मी म्हणाले.

बाबांनी मान वर केली. "काहून?"

माझ्या तोंडून निघालं, "गुन गेला तिचा." ही लबाडी मला कुठून सुचली देव जाणे, वाटलं, त्यांच्याच भाषेत थांबवावं. बाबांचा चेहरा उतरला. "आग दाखवली कोनी?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच्या हातांकडे पाहायला लागले. "दिवाळीत चुलीपाशी डबी ठेवली होती का म्या? का ऊन पान्यानं हात धुतले अन् तसाच..." ते आठवत होते. आपल्या म्हाताऱ्या डोक्यात एकेक दिवस उलटून पाहत होते, नसलेला गुन्हा धुंडाळत होते, आणि असलेला मी पदराखाली झाकून उभी होते. ते मला सहन झालं नाही. बाकी काहीही झालं असतं, पण ते शोधणं पाहवलं नाही.

"आग नाई दाखवली बाबा," मी म्हणाले. "म्हनूनच झालं." मी बाही वर केली. "मले कावीळ हाय. आतली. कॉलेजात होती मी तवापासून हाय. एकाचं रगत सुईले लागते, ते दुसऱ्याच्या आंगात जाते, तिथून तिसऱ्याच्या. पुसल्यानं जात नाई. आग दाखवली असती तं गेलं असतं. जऊळक्याले लोकं हायेत, मालेगावले हायेत. ज्याईच्या हातावर हे तीन हायेत, त्याईतल्या लय जनाईले हाय."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं. मग आपला उजवा अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ओट्यावरच्या एका माणसाने हळूच आपली बाही खाली ओढली.

"तुह्या मायले?" त्यांनी विचारलं.

आईचं रक्त कुणी ठेवलेलं नाही. ती कशाने गेली, तिला कुणाकडून आलं, ते कोणत्याही प्रयोगशाळेला सिद्ध करता येणार नाही. निबंधात मी हेच लिहिलं असतं आणि कुणी बोट ठेवू शकलं नसतं. "सांगता येत नाई, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. आईच्या वेळी डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून 'घरी न्या' म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी मान हलवली होती, तशीच. "पह्यला हात तिचाच होता," ते म्हणाले, मला नाही, कुणालाच नाही. मग त्यांनी तळवा पुढे केला. मी सुई त्यांच्या हातावर ठेवली. अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल धगधगत होती. तिथवर ते चालत गेले, वाकले, आणि सुई निखाऱ्यांत टाकली. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते: नमुना गेला. बाप चुलीपुढे वाकलेला होता आणि मी नमुन्याचा विचार करत होते. बाबा परत आले ते थेट कमलीबाईपुढे. "उठव तिले," ते म्हणाले. "डाक्टर म्हनते तसं कर. माहं काई आयकू नको आता." कमलीबाई उठली. माझ्या सगळ्या पदव्यांनी ती जागची हलली नसती.

पवनने आणि मी गंगूला मधल्या सीटवर निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर. बाबांना कुणी या म्हटलं नव्हतं. ते पायात चपला न घालता येऊन पुढच्या सीटवर खिडकीशी बसले आणि मी मध्ये. गाडी दारातून निघाली. औषध घेऊन निघालेल्याने मागे वळून पाहायचं नसतं. बाबा वळले आणि त्यांनी आपल्याच घराकडे हनुवटी केली. "इथं बी," ते म्हणाले. मला कळलं नाही. पुढचं घर आलं, दारात एक बाई सोयाबीन पाखडत होती. "इथं बी." त्याच्या पुढचं, निळ्या दाराचं. "इथं दोघं. बाप अन् लेक." गल्ली अरुंद, पवनने गाडी हळू केली होती, आणि प्रत्येक दाराला बाबा तेवढंच म्हणत होते, न मोजता, आवाज न चढवता, देवळात एकेका देवाला हात जोडत जावं तसे. इथं बी. इथं बी. आम्ही वर्षभर जे गावोगाव शोधत फिरलो ते माझ्या शेजारी बसून बोलत होतं, आणि मला कान झाकून घ्यावेसे वाटत होते. फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या एकाने त्यांना पाहून दोन्ही हात उचलले, "रामराम आबाजी!" बाबांनी आयुष्यात कुणाचा रामराम खाली पडू दिला नव्हता. ते त्याच्याकडे पाहत राहिले. "तो बी," ते म्हणाले.

मग गाव संपलं, तुरी सुरू झाल्या, आणि दाखवायला घरं उरली नाहीत. पवनने वेग वाढवला. मागे कमलीबाई गंगूला सारखी हाक मारत होती, आणि गंगू उशिरा का होईना, हूं म्हणत होती. मी घड्याळ पाहत होते, वाशिमला फोन करून खाट मोकळी ठेवायला सांगत होते, औषधांची नावं सांगत होते, माझा आवाज व्यवस्थित चालला होता. फोन ठेवला तेव्हा डाव्या हाताला काहीतरी लागलं. बाबा समोर रस्त्याकडेच पाहत होते. त्यांच्या हाताने माझी बाही चाचपत वर सारली, कोपराचा खळगा शोधला, आणि तीन ठिपक्यांवर अंगठा ठेवून दाबला, रक्त थांबवायला दाबतात तसा, पूर्ण जोराने. मला दुखत होतं. मी हात तसाच राहू दिला, आणि वाशिम येईपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही.